भात सुटला, नारळ सुटेना

भात सोडायला मला काही जड गेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. कोणाला खरं वाटत नाही. कोकणातल्या मिठबावात जन्म गेला माझा. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री भात, आणि मध्येच कोणी पाहुणा आला तर घावणे. अशी बाई म्हणते की भात सुटला, तर लोक हसणारच. पण सुटला. सुटला नाही तो नारळ. तो का सुटत नव्हता हे मी डॉक्टरीणबाईंनाही नीट सांगू शकले नाही, म्हणून इथे लिहिते.

रक्तातली साखर काठावर आली होती. ठाण्याला दिलेली माझी लेक फोनवर म्हणाली, "आई, तू लो-कार्ब सुरू कर."

"ता काय आणि?"

"तुझ्या ताटात जे जे पांढरं दिसतं ते सोड. भात, पेज, घावणे, साखर, बटाटा. मासे खा, अंडी खा, पालेभाजी खा."

"खोबरा पण पांढराच आसा गो."

"खोबरं चालतं आई. त्यात कार्ब कमी."

बस, एवढंच मला हवं होतं. नारळ जात नाही म्हटल्यावर बाकी सगळं जाऊ दे, म्हटलं.

आता नारळाचं सांगते. आमच्याकडे नारळ खवायचं, आमच्या बोलीत कातायचं, काम बायकांचं. आडाळा म्हणजे आमची विळी. बसायला बुटका पाट, पुढे पातं, आणि पात्याच्या टोकाला दातेरी खवणी. एक पाय दुमडून, एक पसरून त्याच्यावर बसायचं. पण आमच्या घरात त्या आडाळ्यावर माझे यजमान बसत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझा अंगठा पात्यावर चिरला, तेव्हा ते माझ्या जागी बसले ते कायमचेच बसले. शेजारची वहिनी कुंपणावरून टोमणे मारायची, "काय ओ भावोजी, फुडल्या वर्सा चुलीकडे पण तुमीच काय?"

हे हसत म्हणायचे, "माका काय जाता? हाताक काम नि तोंडाक खोबरा."

आणि खरंच, खवता खवता चिमूटभर खोबरं स्वतःच्या तोंडात टाकत, चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवत. परसातले माडही त्यांनीच लावलेले. म्हणजे झाड त्यांचं, नारळ त्यांचा, खवणारे हात त्यांचे. मी फक्त वाटायचे आणि शिजवायचे.

त्या खवण्याला एक ताल होता. खर्र, खर्र, खर्र. मग करटी फिरवायला जरा थांबायचं. करटी म्हणजे करवंटी, नारळाचं अर्धं भकल. परत खर्र, खर्र. आणि शेवटी उरलंसुरलं खोबरं झडावं म्हणून करटी पाटावर आपटायची. टक्. आपल्याला समुद्र रोज ऐकू येतो म्हणून आपण तो ऐकत नाही, तसंच त्या आवाजाचं झालं होतं. एका सकाळी मी विहिरीवर होते. खर्र, खर्र चाललं होतं. ते थांबलं. टक् आलाच नाही.

न आलेला आवाज मला ऐकू आला. कळशी तिथेच टाकून मी आत धावले. हे भिंतीला डोकं टेकून बसले होते. मांडीवर करटी, एका अंगाने खवलेली, दुसऱ्या अंगाने पांढरीशुभ्र.

हृदय बंद पडलं, असं सांगितलं सगळ्यांनी. कोलेस्टेरॉलची गोळी त्यांना बरेच दिवस चालू होती. रात्री जेवण झालं की पाकिटातून गोळी दाबून काढायचे आणि तांब्या उचलायचे. रिकामी पाकिटं मीच केरात टाकलेली. त्यामुळे माझ्या मनात एक गोष्ट घट्ट बसली. गोळी घेऊनसुद्धा माणूस जातोच. मग ती घ्यायची कशाला? कोणी गोळीचं नाव काढलं की मी हेच ऐकवायचे. ऐकणारा विषय बदलायचा. माझ्यापुढे काय बोलणार?

त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि मग तो आवाज सुरू झाला.

दुपारी, जेवणं उरकल्यावर. सून आतल्या खोलीत पडलेली, लेक आंब्याच्या बागेत गेलेला, नात शाळेत. मी पडवीत आडवी व्हायचे आणि स्वयंपाकघरातून यायचं, खर्र, खर्र, खर्र. मग थांबणं. अगदी करटी फिरवायला लागते तेवढंच. पहिल्यांदा मी उठून गेले. कोणी नव्हतं. आडाळा आपल्या कोपऱ्यात, पातं भिंतीकडे करून. मी हात लावून पाहिला. तुम्हाला सांगते, भीती नाही वाटली. उलट जीव थाऱ्यावर आला. वर्षभर घर कसं रिकाम्या मडक्यासारखं झालं होतं, त्यात कोणीतरी येऊन बसलं.

त्यानंतर तो कोपरा मी कोणाला झाडू दिला नाही. नारळ खवायला मीच बसू लागले, त्यांच्याच पाटावर. खवता खवता बोलायचे. आज बांगडा चांगला मिळाला, नातीचा दात पडला, तुमच्या थोरल्या माडाला यंदा नारळ धरला नाही. आणि माझ्या लक्षात आलं की ज्या दिवशी नारळ खवलेला असेल त्याच दिवशी दुपारी आवाज येतो. देवगडला लेकाच्या सासरी कार्य होतं, तेव्हा घरी चूल पेटली नव्हती. त्या दुपारी नाही आला. मी पडवीत कान देऊन बसले होते.

अशा बाईला कोणी सांगितलं की भात सोड आणि नारळ चालेल, तर ती काय करणार?

मी काय केलं ते ऐका. सकाळी पेजेच्या जागी दोन अंडी आणि सुक्या खोबऱ्याचा तुकडा. दुपारी भाताशिवाय माशाचं सार. आता भाताशिवाय सार नुसतं पाण्यासारखं लागतं, म्हणून त्यात वाटण दुप्पट. वर सोलकढी, पहिल्या दाट रसाची, पेलाभर नाही, तांब्याभर. भाजीवर खोबरं असं पेरायचे की खाली शेवगा आहे की पडवळ ते कळू नये. मासा तळायचा तो खोबरेलात. आणि संध्याकाळी भूक लागली की परत एक तुकडा खोबरं. भाताने जेवढी जागा सोडली होती तेवढी सगळी मी नारळाने लिंपून काढली.

आणि गंमत बघा, साखर उतरली! वजन उतरलं. चोळ्या सैल झाल्या. मी लेकीला फोनवर ऐकवलं, "तुज्या बापाशीच्या नारळान बरी केल्यान माका." नारळ रोज खवला जात होता, दुपारी आवाज रोज येत होता. मी सुखात होते.

मग कोलेस्टेरॉल तपासलं.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाई घाटावरच्या, वयाने माझ्या लेकीएवढ्या. कागद बघून त्यांनी भुवया चढवल्या. "आजी, साखर झकास. पण वाईट कोलेस्टेरॉल खूपच वर गेलंय. काय काय खाता?"

मी सगळं सांगितलं. अंडी, मासे, भाज्या, सोलकढी. भाताचं शीत नाही.

"तूप? लोणी?"

"नाही."

"मटण?"

"शिमग्याला. झालंच तर."

बाईंनी परत कागद बघितला. तेवढ्यात बरोबर आलेली सून खाली बघत म्हणाली, "आये, नारळाचा सांगूक नाय तुमी."

"नारळाचा काय सांगूचा? नारळ काय खाणा आसा? तो जेवणात आसता."

"किती असतो?" बाईंनी विचारलं.

सून माझ्याकडे न बघता शुद्ध भाषेत म्हणाली, "आधी घरात सगळ्यांना मिळून एक पुरायचा. आता यांना एकट्यांना एक लागतो. रोज."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी खरंच लपवलं नव्हतं हो. मीठ किती खाल्लं हे सांगतो का आपण? पाणी प्यालो हे सांगतो? आमच्या इकडच्या कुठल्याही बाईला विचारा, काय जेवलीस म्हटलं तर ती मासा सांगेल, नारळ सांगणार नाही.

"भात कमी केलात ते चांगलंच केलंत," बाई म्हणाल्या. "पण त्याची जागा कशाने भरली ते बघा. नारळाने साखर वाढत नाही, लेकीचं खरं आहे. पण त्यातली चरबी तुपालोण्याच्या जातीची. इतकी रोज पोटात गेली की वाईट कोलेस्टेरॉल वर जातं. नारळ चवीपुरता ठेवा. तेल शेंगदाण्याचं घ्या, तेही बेतानं. बांगडा, तारली खुशाल खा, पण तळून नको. पाला खा, कुळथाची पिठी वाटीभर चालेल. आणि ही गोळी. तुमचं वय, साखर आणि हे आकडे बघता नुसत्या पथ्यावर सोडायचं धाडस मी करणार नाही."

गोळी म्हटल्यावर मी माझं ते ठेवणीतलं वाक्य काढलं. "आमचे यजमान रोज घ्यायचे. नारळ खवता खवता गेले."

बाईंनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. मग हळूच म्हणाल्या, "आजी, तरी घ्या."

मी घेतली नाही. पाकीट आणून देवाच्या फळीवर ठेवलं. नारळही खवत राहिले, फक्त सुनेच्या पाठीमागे. मला बाईंचं पटलं नव्हतं असं नाही, पटलं होतं. शिरा तुंबतात, हृदयावर येतं, सगळं कळलं होतं. यजमानांचंच तर झालं होतं तसं. पण नारळ बंद झाला की दुपारचा तो आवाज बंद होणार, आणि मग ते परत एकदा जाणार. हे कोणत्या डॉक्टरला सांगायचं?

सून मात्र हुशार. तिने एका सकाळी पदर खोचला आणि म्हणाली, "आये, आडाळो मी माळ्यार टाकतंय. नारळ मिक्सरात फिरवीन, होयो तितकोच. तुमचा दिसाचा कातणा आता बंद."

"त्या कोपऱ्यात हात लावू नको हां."

"लावतलंय. तेंच्या मागसून तुमका पण थंयच बसलेली बघूची माका हौस नाय."

असं तोंडावर म्हणाली. मला राग आला. तिने आडाळा कोपऱ्यातून ओढून काढला. वर खुंटीला एक करटी टांगलेली असायची. पातं पुसायला हे तिच्यात सोडणाची, म्हणजे नारळाच्या काथ्याची, जुडी ठेवत. ते गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. मी पातं फडक्याने पुसायचे. सुनेने करटी काढली, जुडी उपसली, आणि थांबली.

"आये, ह्या काय?"

करटीच्या तळाला काहीतरी पिवळट, ढेपळासारखं. मी बोटाने टोकरलं. त्यातून एक गोळी सुटी झाली. गोल, मधोमध रेघ असलेली. मग दुसरी. दमट हवेने फुगून एकमेकींना चिकटलेल्या, करटी अर्धी भरलेली. मी हजारात ओळखल्या असत्या. रोज रात्री त्या पाकिटातून निघताना मी बघत होते, तांब्या उचललेलाही बघत होते. तोंडात गेलेली मात्र बघितली नव्हती.

मी त्याच पाटावर बसले. सून माझ्या शेजारी जमिनीवर बसली. बाहेर कोणीतरी माडाची झावळं ओढत नेत होतं, तो आवाज येत होता. आम्ही दोघी त्या करटीकडे बघत होतो.

मग मला आठवलं. गोळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी हे म्हणाले होते, "ह्या गोळयेन पाय वळतत गो. आडाळ्यार बसाक जमना नाय."

मी म्हटलं होतं, "मग डॉक्टराक सांगा."

"तेका काय सांगूचा? म्हणात म्हातारपण."

नंतर परत कधी तक्रार केली नाही. परत पूर्वीसारखे पाय दुमडून बसू लागले. आम्हाला वाटलं दुखणं गेलं. दुखणं कसं गेलं ते माझ्या ओंजळीत होतं. बसता यावं म्हणून गोळी सोडली, आणि बसल्या बसल्याच गेले. माझा अंगठा चिरू नये म्हणून बसत होते की चिमूटभर खोबऱ्यासाठी, की बायकोपुढे कुरकुर नको म्हणून, ते आता कोण सांगणार? एवढा बोलका माणूस, आणि हेच तेवढं बोलला नाही.

त्या दुपारी आवाज आला. आडाळा माळ्यावर असताना आला. खर्र, खर्र, खर्र. आणि पहिल्यांदाच मला त्याची भीती वाटली. इतके दिवस वाटत होतं, सोबतीला येतात. आता वाटलं, न्यायला येतात. मी अंगावर लुगडं ओढून पडून राहिले, उठून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, सुनेकडून आडाळा परत खाली काढवून घेतला आणि जागेवर मांडला. त्याच्यापुढे एक असोला, न सोललेला नारळ ठेवला आणि हात जोडले. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात पुरुष. देवळात, नाहीतर जागेच्या राखणदारापुढे. मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. बाईने घातलेलं मी ऐकलं नाही. पण माझा देव आडाळ्यावर बसलेला, मग तिथे दुसरं कोण घालणार?

"ओ म्हाराजा! ह्या घराच्या धन्यानू! आयकतास मा? तुमी गोळये करटीत टाकल्यात, नि माका तांब्यो दाखवल्यात. पाय दुखता म्हणान एकदा बोल्लात, दुसऱ्यान बोलूक काय झाला हुता तुमका?"

माझा आवाज चिरकला. मागून सुनेचा आवाज आला, रडवेला, पण ठणठणीत. "व्हय म्हाराजा!"

"तुमका येवचा आसात तर येवा. घर तुमचा, आडाळो तुमचो. बसा, कातत रवा. पण माका बोलावू नका. मी येवचंय नाय. आंबे उतरूचे आसत, नातीक शिकताना बघूचा आसा. खोबरा मी चिमटीभर खातलंय, तुमी देत हुतास तितक्याच. आणि गोळी खातलंय. माका जा दुखात ता मी बोलतलंय, सगळ्यांका बोलतलंय!"

"व्हय म्हाराजा! आये बोलल्याबिगर रवतच नाय म्हाराजा!"

मला रडता रडता हसू आलं. मेली थट्टा करायची वेळ बरोबर साधते. मग तिने देवाच्या फळीवरून पाकीट आणलं आणि पाणी दिलं. गोळी जिभेवर ठेवून मी तोंड उघडून तिला दाखवली आणि मग गिळली. रोज दाखवते. ती म्हणते पुरे झालं आता, पण मी दाखवते.

भात नाहीच. पण आता ताट वेगळं दिसतं. बांगडा उकडून किंवा तव्यावर जेमतेम तेलात. शेवग्याचा पाला, टाकळा, पडवळ, वर खोबरं चिमटीने. सोलकढी आता नुसत्या कोकमाच्या आगळाची, नारळाचा रस नसलेली, जिरं-लसूण लावून. सुरुवातीला पाण्याने चूळ भरल्यासारखी लागली, आता बरी लागते. कुळथाची पिठी, मूठभर शेंगदाणे. लेकीने फोनवर विचारलं, "मग माझंच चुकलं का, आई?" मी म्हटलं, तुझं चुकलं नाही, तू चालतं म्हणालीस, मी पळवलं.

आणि काही दिवसांनी माझे पाय वळू लागले. पोटऱ्या अशा धरल्या की विहिरीच्या दोन पायऱ्या उतरवेनात. गोळी हातात घेतली आणि ती करटी डोळ्यांपुढे आली. किती सोपं होतं! टाकून द्यायची आणि तांब्या उचलायचा.

सकाळची पहिली एसटी धरून मी तालुक्याला गेले. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "पाय दुखतात. गोळीनेच दुखतात. आणि म्हातारपण म्हणू नका, मी ऐकून घेणार नाही."

त्या हसल्या नाहीत. पाय बघितले, रक्त तपासलं, आणि म्हणाल्या, "सांगायला आलात ते फार चांगलं केलंत. काहींना होतं असं. थोडे दिवस थांबू, मग दुसरी गोळी कमी ताकदीची देऊन बघू. पण मला न विचारता सोडू मात्र नका."

एवढंच होतं. एवढ्यासाठी एक एसटी आणि चार वाक्यं. मी बाहेर बाकावर बसून पदराने डोळे पुसले, तर शेजारचा माणूस म्हणाला, "आजये, मोठा दुखणा काय?" मी म्हटलं, "नाय रे बाबा. बारकाच आसा."

दुसऱ्या गोळीने पाय धरले नाहीत. पुढच्या तपासणीत वाईट कोलेस्टेरॉल बरंच खाली आलं होतं. बाई म्हणाल्या, अजून थोडं उतरू दे.

आडाळा अजून त्या कोपऱ्यातच आहे. मी त्यावर बसत नाही. सून लागेल तेवढा नारळ मिक्सरात फिरवते, तोही दिवसाआड. मला वाटलं होतं आवाज जाईल. काही दिवस गेलाही. दुपारी पडवीत पडून कौलांकडे बघायचे, नुसता समुद्र यायचा.

परवा मी पडवीत शेवग्याचा पाला निवडत होते. सून परसातून कपडे घेऊन आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "आये, आज नारळाचो दीस नाय. आत कोण कातता?"

मी पाला खाली ठेवला. तिच्या हातातले कपडे तसेच. दोघींनी ऐकलं. खर्र, खर्र, खर्र. थांबणं. परत खर्र.

तिचा चेहरा पांढराफटक. मी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं, आणि बसल्या जागेवरूनच आत बघून हाक दिली, "ओ, आयकतास? ह्या गोळयेन माझे पाय दुखनत नाय हां!"

आतला आवाज थांबला. मग, इतक्या वर्षांनी, करटी पाटावर आपटली. टक्.